खंडेनवमीला धुतलेले बाण

माझ्या थोरल्या बहिणीचं माझ्याबद्दल एक ठाम मत आहे. मी सांगलीच्या शाळेत जन्मभर मराठी शिकवलं आणि सरकारचा पगार फुकट घेतला, असं ते मत. मराठी ही काय शिकवायची गोष्ट आहे का? ती आपोआप येते. "म्हशीच्या रेडकाला पवायला कोन शिकवतं का?" हा प्रश्न तिने एकदा आमच्या मुख्याध्यापिकाबाईंनाच विचारला होता. बाई हसल्या. मला मात्र आक्काला तिथूनच उचलून कोरेगावच्या एसटीत बसवावंसं वाटलं होतं.

आक्का कोरेगावजवळ तिच्या सासरच्या गावी राहते. मेहुणे गेले त्याला बरीच वर्षं झाली. थोडं आल्याचं रान, थोडा ऊस, दोन म्हशी आणि एक नात, एवढा तिचा संसार. नातीचा बाप सैन्यात आहे. बदली होईल तिथे तो बायकोला आणि धाकट्या मुलाला घेऊन जातो. ही थोरली मात्र शाळेत असतानाच धनुर्विद्येच्या नादाला लागली. तिचे सर साताऱ्याचे, सराव साताऱ्याला, म्हणून ती आजीपाशी राहिली. राहिली म्हणजे काय, आजीच्या पदरालाच चिकटली. दोघी एका ताटात जेवायच्या, एका वाकळेत झोपायच्या आणि दिवसातून चारदा भांडायच्या.

धनुष्यबाण म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर कॅलेंडरावरचे देव येतात. पोरीचं धनुष्य पाहिल्यावर मी गारच झाले. नळ्या, दांड्या, स्क्रू, भिंग, पुढे काठीसारखं काहीतरी लांबडं. आक्का त्याला 'पंप' म्हणायची. "पंप उन्हात ठेवू नगंस." "पंप घेतलास का?" शेजारपाजारच्यांना वाटायचं, पोरगी रोज औषध फवारायला साताऱ्याला जाते.

त्या वर्षी नवरात्रात मी आक्काकडे गेले होते. पोरीची निवडचाचणी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी साताऱ्यात होती. त्यात निवड झाली तर ती लांब विदर्भात निवासी केंद्रात जाणार होती. राहणं तिथे, शिकणं तिथे, आणि घरी येणं फक्त दिवाळी-उन्हाळ्यात. आक्का गावभर सांगत फिरायची, "आमची पोरगी जानार." पण घरात तो विषय निघाला की तिला हटकून म्हशीला पाणी पाजायची आठवण व्हायची. त्या दिवसांत म्हशी फार पाणी प्यायल्या.

अष्टमीच्या दिवशी दुपारी पोरगी ओसरीवर बाण पुसत बसली होती. मी एक बाण उचलला. हलकी काळी नळी, मागे पिसांच्या जागी प्लास्टिकच्या पाकळ्या आणि पुढे पोलादाचं गुळगुळीत टोक.

"ह्याला काय म्हणतात?" मी त्या टोकावर बोट ठेवून विचारलं.

"टिप."

"आणि मराठीत?"

"मराठीतच टिप."

आक्का भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. ती एवढी हसली की शेंगा सुपाबाहेर गेल्या. मला कुणी असं डिवचलं की मी थांबत नाही, हा माझा दोष नव्हे, धंदा आहे. मी मांडी घालून बसले आणि सुरू झाले.

म्हटलं, बाणाच्या टोकाला मराठीत शब्दांची कमी नाही. अणी आहे. काट्याची अणी, सुईची अणी, बाणाची अणी. अणकुचीदार म्हणतो त्यात ती आहे. ऐन अणीच्या वेळी म्हणतो त्यातही ती आहे. म्हणजे टोकावर येऊन ठेपलेली वेळ. आणीबाणीतही तीच असावी असा माझा संशय आहे, पण ते मी शपथेवर सांगणार नाही. फळ आहे. बाणाचं फळ, भाल्याचं फळ, झाडाला लागतं तसंच काडीच्या शेवटाला लागलेलं.

"फाळ तर आमच्या नांगराला हाय," आक्का म्हणाली.

"तोही ह्यांच्याच भावकीतला."

"भावकी हाय म्हंजी बांधावरनं भांडनं असनार."

तिच्याकडे दुर्लक्ष करून मी माझ्या आवडत्या शब्दाकडे आले. शल्य. शल्य म्हणजे बाणाचं टोक, पण नुसतं टोक नव्हे. अंगात घुसून आतच राहिलेलं कोणतंही टोक. काटा, हाडाची किरच, लोखंडाचा तुकडा. पूर्वी लढाईत बाण लागला की लोक तो उपटायला जायचे. काडी हातात यायची आणि टोक आत राहायचं. जखम वरून भरायची आणि आतून कुजायची. ते टोक हुडकून बाहेर काढणं हे वैद्याचं सगळ्यांत अवघड काम, म्हणून त्या सबंध विद्येलाच शल्याचं नाव पडलं. आजही जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मोठ्या डॉक्टरांच्या दारावर 'जिल्हा शल्यचिकित्सक' अशी पाटी असते. बिचारे अपेंडिक्स काढतात, पण पाटीवर अजून बाणच काढतायत.

पोरगी बाण पुसायची थांबली होती. वर्गात शेवटच्या बाकावरच्या मुलीने मान वर केली की मला जसं व्हायचं, तसं मला झालं. मी पुढे म्हटलं, हाच शब्द लोकांच्या तोंडात घासून घासून सल झाला. मनात सलतं ते हेच. आणि साळू, म्हणजे साळिंदर, माहीत आहे ना? त्याच्या अंगभर शल्यं, म्हणून तो शल्यक, त्याचं आपण साळू केलं.

आक्काने सूप खाली ठेवलं. "म्हंजी आपल्या रानात येतंय ते साळू?"

"तेच."

"आनि तुला त्येची समदी कुळी म्हाईत हाय?"

"आहे."

"मग त्येला भुईमुगातनं हाकलायचं कसं तेवढं सांग."

यावर शब्दकोशात काही दिलेलं नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी आक्काने खंडेनवमीची तयारी काढली. खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारं पुजतात. तलवारी असलेल्यांनी तलवारी, बाकीच्यांनी ज्याच्या जिवावर पोट चालतं ते. विळे, खुरपी, कोयता, कुऱ्हाड, पहार. आक्काचा यातला नेम कडक आहे. आदल्या दिवशी प्रत्येक वस्तू कढत पाण्यात घालून घासायची, नवमीला देवापुढे मांडायची, हळदकुंकू लावायचं, आणि मग दसऱ्याला घट उठेपर्यंत तिला कुणी हात लावायचा नाही. देवापुढचं हत्यार त्या दिवशी वापरलं तर ते वर्षभर दगा देतं म्हणे.

मला ती म्हणाली, "तुझं हत्यार दे."

"माझं कुठलं आलंय हत्यार?"

"चष्मा." आणि तिने तो माझ्या नाकावरून काढून नेला.

मी हसले, पण ती हसत नव्हती. त्यामुळे माझी नवमी धुक्यात गेली. देवघरात ओळीने काय काय मांडलंय ते मला नीट दिसतही नव्हतं. विळ्यांच्या शेजारी माझा चष्मा, त्याच्या दोन्ही काचांना कुंकवाचं बोट, आणि पलीकडे पोरीचा पंप, झेंडूची माळ घातलेला. त्याच्या पायाशी बाणांची जुडी तांदळाच्या ढिगावर टोकं टेकून उभी केलेली. पोरीलाही त्या दिवशी सराव नाही. ती कुरकुरली, पण धनुष्याला हात लावायची हिंमत तिची झाली नाही. तशी ती मोबाईलवर जगभरच्या स्पर्धा बघणारी पोरगी, पण आजीचा देव तो आजीचा देव.

दसऱ्याला सकाळी घट उठले. आक्काने घटातले कोंब पोरीच्या वेणीत खोचले, माझ्या अंबाड्यात खोचले आणि म्हशीच्या शिंगालाही बांधले. मला चष्मा परत मिळाला. जेवणं झाली तशी पोरगी बाण घेऊन मळ्यात निघाली. तिथे तिने उसाच्या कडेला जाड फोमचं निशाण उभं केलं होतं. चाचणी उद्यावर आलेली, एक दिवस सराव बुडालेला, तेव्हा आज हात मोकळा करून घ्यायचा होता. मीही मागे गेले. मला आता दिसत होतं, त्यामुळे बघायची हौस होती.

तिने बाण सोडले. मला त्यातलं कळत नाही, पण ते एका जागी गोळा होऊन बसले होते, म्हणजे चांगलंच असणार. ती ते काढायला गेली. एका हाताने फोम दाबून धरला, दुसऱ्या हाताने बाण ओढला. बाण आला. तिने त्याच्याकडे बघितलं, उलटा केला, पुन्हा बघितलं. दुसरा ओढला. तिसरा ओढला. प्रत्येक वेळी हातात नुसती नळी. टोकं सगळी फोममध्ये आत.

आणि मी, जन्मभर पोरांना वेळकाळ बघून बोलावं असं शिकवलेली बाई, मोठ्याने म्हणाले, "अगं बाई! हेच ते शल्य!"

पोरीने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मी अजून विसरलेले नाही. चाचणी दुसऱ्या दिवशी सकाळी, बाण तिचे तेवढेच, आणि सगळे बोडके. मग ती नळ्या घेऊन घराकडे पळत सुटली. मी माझ्या वयाने मागे.

मी पोचले तेव्हा आक्का अंगणात उभी राहून अगदी शांतपणे, किंबहुना थोड्या अभिमानानेच, काय काय केलं ते सांगत होती. अष्टमीला संध्याकाळी तिने बंबातलं कढत पाणी बादलीत काढलं, त्यात चिंच आणि साबणाचा चुरा घातला. विळे घातले, समया घातल्या, आणि बाणही टोकं खाली करून त्यात उभे केले. थोड्या वेळाने घासायला एक उचलला तर त्याचं टोक टोपणासारखं हातात आलं.

"मला वाटलं, गॅसचा बर्नल निगतो तसं काडून धुवायचं असंल. बघती तर आत ह्ये एवढं पिवळं चिकाट! कवाधरनं कुनी साफ केलं नव्हतं. समद्यांची टोपनं काडली, काडीला फडकं गुंडाळून आतनं खरडून खरडून काडलं. आता बघ की कसं लख हायेत."

ते पिवळं चिकाट म्हणजे टोक धरून ठेवणारा गोंद. उष्णतेने वितळणारा. आक्काने तो देवाच्या नावाने एकूण एक बाणातून निपटून काढला होता, आणि मग टोकं होती तशी हाताने दाबून बसवली होती. कोरडी.

मला हसू येत होतं. खरं सांगते, आतून उकळी फुटत होती. पण पोरीचा चेहरा बघून ती घशातच राहिली. पोरगी ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाली, "आज्जी, मुद्दाम केलंस तू. तुला मी जायलाच नकोय."

आक्काच्या हातात म्हशीचं दावं होतं. ते तिने एकदा या हातातून त्या हातात घेतलं. मला वाटलं ती आता सुरू होणार, पोरीची आई, आईची आई, सगळ्यांचा उद्धार होणार. पण तिने दावं खुंटीला अडकवलं, पायात चपला घातल्या आणि फाटकातून बाहेर गेली. माझ्या त्या बहिणीला गप्प बसलेलं मी त्याआधी एकदाच पाहिलं होतं, मेहुणे गेले त्या दिवशी. मी घाबरले.

पोरीने सरांना फोन लावला. सर मैदानावर उद्याची तयारी करत होते, त्यांना हलता येत नव्हतं. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे त्यांची आधीची शांतता मलाही ऐकू आली. मग ते म्हणाले, "टिपा उकळल्या? समद्या?" मग ते खाकरले. त्यात त्यांचंही हसू कुठेतरी अडकलं असावं. "बरं, रडू नगंस. फोम विळ्यानं काप, टिपा काढ. वितळायच्या गोंदाच्या कांड्या मिळत्यात, पांढऱ्या. टिप गरम करायची, नळी न्हाई. नळीला जाळ लागला की बाण गेला. गोंद लावायचा, फिरवत बशिवायची, गार पान्यात धरायची. घाई करू नगंस. येतंय तुला."

पण दसऱ्याच्या दुपारी पांढऱ्या कांड्या आणायच्या कुठून? कोरेगावची दुकानं हार घालून बंद. पोरगी ह्याला फोन कर, त्याला फोन कर असं करत होती. मी विळा घेऊन फोम कापायला बसले. शल्याबद्दल एवढं बोलले होते, आता ते काढायचंही कपाळी आलं. सांगते, सोपं नसतं. टोक दिसतं तिथे नसतं. फोम दोन्हीकडून दाबून धरावा तेव्हा कुठे त्याचं बूड लागतं, आणि पकडीने धरून ओढावं तर ते आणखी आत सरकतं. जुन्या वैद्यांबद्दलचा माझा आदर त्या दुपारी फार वाढला.

तेवढ्यात आक्का परत आली. तिच्या ओट्यात गोंदाच्या कांड्या होत्या. गावच्या देवीच्या मंडळाच्या पोरांनी देखाव्याचे पुठ्ठे चिकटवायला त्या आणल्या होत्या, उरलेल्या. मंडळातली पोरं कशी असतात ते मला माहीत आहे. ती सुतळीचा तोडा फुकट देत नाहीत. आक्काने त्यांना काय सांगितलं देव जाणे. तिने कांड्या ओसरीच्या कठड्यावर ठेवल्या, पोरीकडे न बघता, आणि आत गेली. थोड्या वेळाने गार पाण्याचं पातेलं आणून त्यांच्या शेजारी ठेवलं आणि पुन्हा आत गेली.

मग आम्ही स्वयंपाकघरात गॅसपाशी बसलो. पोरगी पकडीत टोक धरून आचेवर गरम करायची, कांडी टेकवायची, गोंद पसरला की नळीत फिरवत बसवायची आणि पाण्यात. चुर्र आवाज यायचा. आक्का पलीकडे चुलीपाशी बसून होती. पोरीला फडकं लागलं की ते तिच्या हाताशी यायचं, पाणी कोमट झालं की बदललेलं असायचं. पण दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. आणि मधूनमधून गावातली माणसं आपट्याची पानं द्यायला येत होती. "सोनं घ्या, सोन्यासारखं ऱ्हावा" म्हणत ती आत डोकावायची आणि तिघी बायका सणाच्या दिवशी गॅसवर लोखंड भाजतायत हे बघून थबकायची. एका म्हाताऱ्याने विचारलं, "काय डाग द्यायचं चाललंय का वासराला?"

"व्हय," मी म्हणाले. माझ्याशिवाय उत्तर देणारं घरात कुणी नव्हतं.

दिवेलागणीपर्यंत सगळे बाण उभे राहिले. पोरीने एकेक ओढून बघितला, डोळ्यापुढे धरून फिरवून बघितला. पुन्हा नेम मारून बघायला उजेड राहिला नव्हता. ते फोमात टिकतात की पुन्हा आतच राहतात, हे आता थेट मैदानावर कळणार होतं.

सकाळी निघताना मी आक्काला म्हटलं, चल. ती म्हणाली, "आल्याला पानी सोडायचंय." आल्याला पाणी कालच सोडलं होतं. तिने भाकऱ्या बांधून दिल्या, पोरीच्या कपाळाला अंगारा लावला आणि पोरीने मान खाली घालून लावून घेतला. पोरीने पाया पडायला वाकून हात लावला. आक्का म्हणाली, "जावा." बहुवचनात, दोघींना मिळून.

साताऱ्याच्या मैदानावर मी मंडपात खुर्चीवर बसले. आजूबाजूला आईबापांची गर्दी, प्रत्येकाला आपल्या पोराच्या धनुष्याची किंमत सांगायची घाई. मला फक्त एकच गोष्ट बघायची होती. पहिल्या फेरीनंतर सगळी पोरं निशाणाकडे चालत गेली. आमचीही गेली. तिने हात लावला, ओढला. चष्मा असूनही मला एवढ्या लांबून काय दिसणार? पण ती वळली आणि बाण उंच धरून तिने माझ्या दिशेने हलवला. उन्हात त्याचं टोक चमकलं. मी खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवल्या. शेजारची बाई म्हणाली, "आवं, अजून काय झालंच न्हाई."

"तुम्हाला नाही कळायचं," मी म्हटलं.

दुपारपर्यंत ते चाललं. मधल्या एका फेरीत तिचा हात घसरला, एक बाण पार कडेला गेला, आणि सरांनी लांबूनच मान हलवली. पुढच्या फेरीत तिने तो भरून काढला. नावं पुकारली तेव्हा तिचं नाव आलं, शेवटून पहिलं का होईना, पण आलं. सर येऊन म्हणाले, सोमवारी निघायचं, सामान थोडंच आण. पोरीने माझ्या गळ्यात हात टाकले. तिच्या पाठीवर पिनांनी लावलेला क्रमांकाचा कागद माझ्या हाताला टोचला.

मग ती बाजूला झाली आणि मोबाईल माझ्यापुढे धरला. "सांगलीच्या आज्जी, तूच सांग तिला."

"मी नाही सांगणार."

"प्लीज."

"काडी मी उपटून देईन, टोक तुलाच काढायला लागेल." हे मी म्हटलं आणि मलाच माझा राग आला, कारण इतक्या नाजूक वेळीही मला शब्दांशी खेळायचं सुचलं. पण पोरगी माझ्या बोलण्याकडे लक्ष देण्याच्या अवस्थेत नव्हती. तिने फोन लावला. मलाही ऐकू यावं म्हणून स्पीकरवर.

"आज्जी, निवड झाली."

"व्हय?" आक्काचा आवाज. मागे म्हैस हंबरत होती. "बाण ऱ्हायलं का जाग्याला?"

"राहिले."

"कवा जायाचं?"

"सोमवारी."

"बरं."

इथे फोन ठेवला असता तर सगळं रीतसर झालं असतं. पण पोरीने ठेवला नाही. ती मंडपाच्या खांबाला टेकली, डोळे मिटले आणि म्हणाली, "आज्जी, मी काल बोलले ना... मुद्दाम केलंस म्हणून. ते खोटं होतं गं. मला माहीत होतं ते खोटं आहे. चुकलं माझं."

पलीकडे म्हैस पुन्हा हंबरली.

"बाण म्यां देवासाठीच धुतलं," आक्का म्हणाली. "त्ये खोटंच बोललीस. पर दुसरं बोललीस त्ये खरं हाय. मला तू जायाला नकोच हायेस. लय नको हायेस. आल्याला पानी सोडत न्हवती मी सकाळधरनं, बांधावर बसून व्हते. निवड झाली न्हाई तर बरं, असं एकदा मनात आलं माझ्या, देवाची आन. मग लगीच देवाला म्हनलं, माझं काय ऐकू नगंस, म्हातारं मानूस हाय, काय बी म्हनतंय."

पोरगी आता मोठ्याने रडत होती. आजूबाजूचे आईबाप वळून बघत होते. ज्यांची पोरं निवडली गेली नव्हती त्यांनाही तिची दया आली असावी, हिचंही हुकलं असं समजून. माझी अवस्था काही वेगळी नव्हती. आक्काने असं काही जन्मात कधी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. मेहुण्यांनाही नाही. आईलाही नाही. मलाही नाही. सत्तरी ओलांडलेली माझी बहीण फोनवर, म्हशीच्या गोठ्यात उभी राहून, एका सोळा वर्षांच्या पोरीला आपलं मन उघडून दाखवत होती, आणि ते ऐकताना मला तिचा अभिमान वाटला आणि हेवाही वाटला.

"आज्जी," पोरगी हुंदके देत म्हणाली, "मी नाही जात मग."

"जात न्हाईस?" आक्काचा आवाज एकदम चढला, तो नेहमीचा, अर्ध्या गावाला ऐकू जाणारा. "मंडळाच्या पोरांच्या म्होरं पदर पसरला म्यां त्या गोंदासाठी, आनि तू जात न्हाईस? ठेव फोन. तिकडं थंडी लय असती म्हनं. आपली वाकळ उन्हात टाकायचीय मला, ती तुला देनार हाय."

"आणि तू काय पांघरशील?"

"मी बघीन माझं," आक्का म्हणाली. "ठेव आता. ऊन चाललंय."